गच्चीवरचा एसएमपीएस आणि मऊ पडलेला डबा

खाडीकाठचा (धागाकर्ता, कोपरखैरणे)

आमच्या सोसायटीत गच्ची आणि जिने मिळून आठ कॅमेरे आहेत. त्या सर्वांना १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एकच एसएमपीएस (२३० व्होल्टची वीज १२ व्होल्ट डीसीत बदलणारा सप्लाय) वीज पुरवतो आणि तो लिफ्टच्या मशीन रूममध्ये भिंतीवर बसवलेला आहे. डिसेंबरात मी हौसेने त्याच्यासाठी घरच्या थ्रीडी प्रिंटरवर डबा छापला. माप २२० × १२० × ७० मिमी, भिंती ३ मिमी जाडीच्या, साहित्य पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचे नेहमीचे प्लास्टिक), इन्फिल (भिंतीच्या आतला भराव) २० टक्के. आत चार खुंट्या, त्यांत गरम करून बसवलेले पितळी इन्सर्ट (स्क्रूसाठी आटे असलेल्या नळ्या) आणि त्यांवर एसएमपीएसची पत्र्याची बॉडी. वायरी खालच्या बाजूने बाहेर येतात. हिवाळाभर कसलीही तक्रार नव्हती.

मागच्या आठवड्यात लिफ्टचा मेकॅनिक खाली येऊन म्हणाला, "साहेब, तुमचा डबा झोपलाय." वर जाऊन पाहिले तर खालच्या दोन्ही खुंट्या वाकून आडव्या झाल्या होत्या, एक इन्सर्ट आजूबाजूच्या प्लास्टिकसह चिक्कीच्या पाकासारखी तार काढत बाहेर आला होता आणि सप्लाय जवळजवळ बोटभर खाली सरकून वायरींवर लोंबकळत होता. डब्याचा खालचा उजवा कोपरा बाहेरच्या बाजूस फुगला आहे. वरचे कोपरे मात्र जसेच्या तसे आहेत. १२ व्होल्टच्या ऋण टर्मिनलभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढला आहे. इलेक्ट्रिशियनने तूर्त सप्लाय वायरींसह तसाच उचलून प्लायवूडच्या फळीवर ठोकला असून कॅमेरे चालू आहेत.

दुपारी दोन वाजता मोजले तेव्हा खोलीत ३९ °से. तापमान होते. नवा डबा कोणत्या प्लास्टिकमध्ये छापावा: पीईटीजी, एबीएस, एएसए की पॉलिकार्बोनेट? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

---

सोल्डरताई (नौपाडा)

डबा वितळलेला नाही, मऊ पडलेला आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पीएलए वितळते १५० °से.च्या पुढे, परंतु ५५ ते ६० °से.च्या आसपास त्याचे ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे ताठ प्लास्टिक मऊ पडू लागण्याचे तापमान, येते आणि तिथून पुढे त्याचा ताठपणा झपाट्याने ढासळतो. पीईटीजीसाठी हा आकडा ८० च्या जवळपास, एएसएसाठी १०० च्या आसपास, एबीएससाठी १०५ च्या आसपास आणि पॉलिकार्बोनेटसाठी १४७ च्या आसपास असतो.

फिलामेंटच्या (प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेच्या) रिळावर बहुधा 'हीट डिफ्लेक्शन टेम्परेचर' (ठराविक दाबाखाली पट्टी वाकू लागते ते तापमान) छापलेले असते, तिथे दाब कोणता धरला आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही चाचणी ०.४५ आणि १.८ मेगापास्कल अशा दोन दाबांवर करतात. विक्रेता अर्थातच कमी दाबाचा, म्हणजे मोठा दिसणारा आकडा छापतो. शिवाय ही चाचणी थोड्या वेळात उरकते, तर तुमच्या खुंट्या चार महिने अहोरात्र वजन पेलत होत्या. सततच्या वजनाखाली प्लास्टिक ग्लास ट्रान्झिशनच्या बऱ्याच खालीही हळूहळू सरकते, आणि पीएलए तर त्यात फारच पुढे.

माझे मत एएसए. एबीएसमधील ब्युटाडाईन रबर उन्हाने पिवळे व ठिसूळ होते, एएसएमध्ये त्या जागी ॲक्रिलेट रबर असते. दोन्ही छापताना बंद चेंबर हवा, अन्यथा कोपरे उचलले जातात, आणि स्टायरीनचा वास घरात कोंडून राहतो म्हणून खिडकी उघडी हवी.

---

घणसोलीचा गण्या

पीएलएचाच डबा ओव्हनमध्ये भाजून घेतला तर? ॲनिल केलेले पीएलए शंभरच्या पुढे टिकते असे वाचले आहे.

---

सोल्डरताई

त्यासाठी खास बनवलेले पीएलए टिकते, कारण भाजल्यावर त्यात स्फटिक वाढतात. मात्र भाजताना वस्तू आक्रसते, तीही सर्व दिशांना सारखी नाही. झाकण आणि डबा एकमेकांत बसणे हा मग नशिबाचा भाग. चावीच्या जुडग्याला लावायची वस्तू असती तर करून पाहा म्हटले असते.

---

जुना फिटर (कळवा)

साहित्याच्या चर्चेत शिरण्याआधी एक प्रश्न विचारतो. गरम हवा वर जाते. खोलीच्या उष्णतेने किंवा सप्लायच्या एकूण उष्णतेने डबा मऊ पडला असता तर आधी वरचे कोपरे गेले असते. तुमचे वरचे कोपरे शाबूत आहेत आणि फुगला आहे तो खालचा उजवा कोपरा, तेही नेमका तपकिरी झालेल्या टर्मिनलपाशी. म्हणजे तिथे उष्णतेचा दुसरा उगम आहे. तुम्ही वायरीच्या तारा टर्मिनलमध्ये घालण्यापूर्वी त्यांना सोल्डर लावले होते का? खरे सांगा.

---

खाडीकाठचा

होय काका, लावले होते. सुट्या तारा पसरू नयेत म्हणून मी नेहमीच टोकाला कथील चढवतो. त्यात काही चुकले का?

---

जुना फिटर

चुकलेच. सोल्डर मऊ असते आणि स्क्रूच्या दाबाखाली ते वर्षभर नव्हे, काही आठवड्यांतच बाजूला सरू लागते. आज घट्ट आवळलेला स्क्रू मग आपोआप ढिला होतो, संपर्काचा रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते, उष्णतेने सोल्डर अधिक मऊ पडते, आणि हे चक्र फिरत राहते. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये उघड्या तारा तरी घालाव्यात, नाहीतर लग किंवा फेरूल (तारांच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोक) दाबून घालावे. कथील चढवलेले टोक कधीही घालू नये.

आता स्क्रूला हात न लावता एक माप घ्या. रात्री सर्व कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक ऋण टर्मिनलच्या पट्टीवर आणि दुसरे वायरीच्या तांब्यावर टेकवा. क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) त्याच वायरीतील प्रवाहही पाहा. शेजारीच २३० व्होल्टची टर्मिनले उघडी असतात, म्हणून एक हात खिशात ठेवून काम करावे.

---

वाशीचा उष्मापाल

फिटरकाकांचा तर्क पटण्यासारखा आहे. तरीही संपूर्ण डब्याचे गणित एकदा मांडून ठेवतो, कारण प्लास्टिक उष्णता कोंडते म्हणून भिंत पातळ करावी असा समज सर्वत्र आढळतो.

आठ कॅमेरे रात्री साधारण ६० वॅट घेतात असे धरले आणि सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के मानली, तर सुमारे ११ वॅट उष्णता डब्यात सुटते. डब्याचे एकूण क्षेत्रफळ तुमच्या मापांवरून ०.१ चौरस मीटर येते. प्लास्टिकची उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, म्हणून ३ मिमी भरीव भिंतीतून हे ११ वॅट बाहेर पडताना जेमतेम पावणेदोन अंशांचा फरक पडतो. खरा अडसर भिंतीच्या दोन्ही बाजूंना चिकटून असलेल्या स्थिर हवेच्या थराचा आहे. बाहेरील थरामुळे सुमारे ११ अंश आणि आतील थरामुळे तितकेच किंवा किंचित अधिक, अशी मिळून २५ अंशांची वाढ होते, आणि डब्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असल्याने ती आणखी थोडी वाढते. म्हणजे भिंत २ मिमी केल्याने अर्धा अंश वाचेल आणि मजबुती जाईल. डबा मोठा करणे किंवा खाली-वर झरोके ठेवणे याने मात्र खरा फरक पडतो. पांढरा की काळा हा वाद फक्त उन्हात ठेवलेल्या डब्यापुरता आहे, सावलीत दोन्ही रंगांचे प्लास्टिक जवळपास सारखीच उष्णता बाहेर फेकते.

आणखी एक. तुम्ही दुपारी दोनला मोजले, पण तेव्हा इन्फ्रारेड दिवे बंद असतात आणि सप्लायवरचा भार निम्म्याहून कमी असतो. मशीन रूमवरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळी खोलीत सोडतो. आपल्याकडे एप्रिलात गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही, रात्री साडेनऊला पंखा गरम हवाच फिरवत असतो. नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्यांचा भारही पूर्ण असतो. तुमच्या डब्याची खरी दुपार रात्री साडेआठला होते. तेव्हा मोजा.

---

खाडीकाठचा

दोन रात्री गच्चीवर काढल्या. मापनासाठी तोच आराखडा पीईटीजीमध्ये छापून सप्लाय तात्पुरता त्यात बसवला, टर्मिनलला अजून हात लावलेला नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेपने चिकटवले होते.

दुपारी दोन वाजता खोली ३९, डब्यातील हवा ५४, प्रवाह २.४ अँपिअर. रात्री साडेआठला खोली ३७, म्हणजे दुपारपेक्षा दोन अंश कमी, आणि डब्यातील हवा ६४, प्रवाह ५.१ अँपिअर. आणि फिटरकाका, ऋण टर्मिनलवर ४८० मिलिव्होल्ट दिसले. शेजारच्या धन टर्मिनलांवर कुठेही १० पेक्षा जास्त नाहीत, कारण तिथे कॅमेऱ्यांच्या वायरी तीन टर्मिनलांत विभागल्या आहेत आणि ऋण बाजूच्या सर्व वायरी मी बाहेर एकत्र करून एकाच वायरीने आत आणल्या होत्या.

---

जुना फिटर

०.४८ व्होल्ट गुणिले ५.१ अँपिअर, म्हणजे जवळजवळ अडीच वॅट. नखाएवढ्या जागेत अडीच वॅट म्हणजे छोट्या सोल्डरिंग इस्त्रीचीच सुरुवात. दिवसा प्रवाह निम्मा असतो, म्हणून तिथली उष्णता चौथाई, आणि म्हणूनच दुपारी हात लावून पाहणाऱ्या माणसाला काही कळले नाही. वायर छाटा, ताजे तांबे काढा, लग दाबा, आणि ऋण बाजूही दोन टर्मिनलांत विभागा.

---

घणसोलीचा गण्या

म्हणजे पीएलए निर्दोष सुटले! उलट ते मऊ पडले म्हणून बिघाड वेळीच कळला. पॉलिकार्बोनेटचा डबा असता तर ते टर्मिनल दोन वर्षे गुपचूप भाजत राहिले असते.

---

वागळे इस्टेटचा साचेवाला

गण्या, तुझ्या म्हणण्यातला पहिला भाग चूक आहे आणि दुसरा धोकादायक. डब्यातील हवाच रात्री ६४ अंशांवर जाते, तेव्हा टर्मिनल दुरुस्त केले तरी पीएलए तिथे टिकणार नाही. आणि डब्याने फ्यूजचे काम करावे अशी अपेक्षा ठेवायची असेल, तर तो मऊ पडल्यानंतर काय करतो हेही पाहावे लागते.

मी वीस वर्षे इंजेक्शन मोल्डिंगमध्ये आहे. या धाग्यात आतापर्यंत सर्वजण प्लास्टिक किती अंशांपर्यंत ताठ राहते एवढेच बोलत आहेत. विजेच्या डब्यासाठी पेट घेतल्यावर ते विझते की नाही हा निराळा प्रश्न आहे आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. साधे एबीएस शंभर अंशांना ताठ उभे राहते, पण एकदा पेटले की काजळी सोडत पूर्ण जळते. यूएल ९४ या प्लास्टिकच्या ज्वलनशीलतेच्या मानकातील उभ्या चाचणीत पट्टीला खालून दहा-दहा सेकंद दोनदा ज्योत लावतात. व्ही-० दर्जा हवा असेल तर प्रत्येक वेळी ज्योत काढल्यावर पट्टी दहा सेकंदांच्या आत विझली पाहिजे आणि खाली ठेवलेला कापूस पेटेल असा जळता थेंब पडता कामा नये. विझायला वेळ लागला तरी चालेल आणि कापूस पेटला तरी चालेल, असा दर्जा व्ही-२. एचबी म्हणजे आडवी धरली असता सावकाश जळते, एवढेच. पीएलएची पट्टी मी अंगणात पेटवून पाहिली आहे. ज्योत लहान, जवळजवळ धूर नसलेली, दिसायला निरुपद्रवी, आणि खाली टपटप जळते थेंब. तुमच्या मशीन रूममध्ये त्या थेंबांखाली काय असते? आमच्या इमारतीत तिथे जुनी वर्तमानपत्रे आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल असतो.

व्ही-० चे फिलामेंट मिळते, पण तो दर्जा ठराविक जाडीला असतो. कागदावर '३ मिमीला व्ही-०' असेल तर १.५ मिमी भिंतीला तो लागू नाही. शिवाय चाचणीची पट्टी भरीव असते. २० टक्के इन्फिलची भिंत म्हणजे दोन पातळ कातड्या आणि मध्ये हवा. अशी भिंत व्ही-० ची आहे असे कोणी म्हणू नये. छापायचेच असेल तर १०० टक्के भरीव छापावे.

उष्णतेचीही एक जुनी, साधी चाचणी आहे. ५ मिमी व्यासाची पोलादी गोळी २० न्यूटन दाबाने तासभर प्लास्टिकवर ठेवतात आणि खळगा २ मिमीपेक्षा मोठा होता कामा नये. घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५ मानकात बाहेरील भागांसाठी ही चाचणी किमान ७५ °से.ला आणि विजेचे जिवंत भाग धरून ठेवणाऱ्या भागांसाठी किमान १२५ °से.ला होते. पीएलए ७५ लाच बाद. एएसए पहिल्या कामाला चालेल, पण टर्मिनल धरण्याच्या कामाला नाही. म्हणून विजेचा कोणताही जोड छापलेल्या प्लास्टिकच्या आधाराने आवळून धरू नये, मग ते प्लास्टिक कोणतेही असो.

---

सोल्डरताई

साचेवाल्यांच्या प्रतिसादाला +१, आणि माझी एएसएची शिफारस अपुरी होती हे मान्य. त्यात एक भर घालते. हल्ली 'कार्बन फायबर' भरलेले नायलॉन आणि पीईटीजी फार खपते, कारण ते ताठ असते आणि उष्णतेत वाकत नाही. परंतु कार्बनचे तंतू वीज वाहून नेतात. २३० व्होल्टच्या उघड्या टर्मिनलांशेजारी असा डबा वापरू नये. साधे नायलॉनही पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा इतकी शोषते की छापताना नोझलमधून फुटाण्यांचा आवाज येतो.

---

वाशीचा उष्मापाल

आणि डबा १४० अंश सोसणारा आणला, तरी आतल्या इतर वस्तूंचे काय? सामान्य पीव्हीसी वायरीचे आवरण ७० °से. साठी असते. सप्लायमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ °से.ला २००० तासांचा असेल, तर दर दहा अंश कमी केल्यावर आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे ६५ ला ३२,००० तास आणि ७५ ला १६,००० तास. अखंड चालणाऱ्या सप्लायसाठी हा फरक पावणेचार वर्षे आणि दोन वर्षांहून कमी असा पडतो. अनेक एसएमपीएस तर ५० अंशांच्या पुढे पूर्ण भार देतच नाहीत, डेटाशीटमधील डिरेटिंगचा (तापमान वाढेल तसा भार किती घटवावा याचा) आलेख पाहावा. प्लास्टिक किती सोसेल यापेक्षा आत किती तापू द्यायचे, हे आधी ठरवावे.

---

खाडीकाठचा

सर्वांचे म्हणणे वाचून प्रिंटरचा मोह आवरता घेतो. पत्र्याचा डबा करून घ्यायचे ठरवत आहे. त्यात काही पथ्ये?

---

जुना फिटर

अर्थिंग. सप्लायच्या बॉडीला अर्थ नसेल तर त्यातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. प्लास्टिकच्या डब्यात त्या कोणाला जाणवल्या नाहीत, एवढेच. तिथेही अर्थ लागतच होता. तो होता का, हे मी आता विचारत नाही. डब्याला, त्याच्या दाराला आणि सप्लायला, तिन्हींना अर्थ जोडा.

---

वागळे इस्टेटचा साचेवाला

झरोके खाली आणि वर दोन्हीकडे ठेवा, पण त्यांना आतून बारीक जाळी लावा. पाल ऊब शोधत सप्लायमध्ये शिरते आणि स्वतःसह सप्लायही संपवते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मोजत नाही. वरचे झरोके छतावर कापू नका, बाजूला छताखाली कापा, कारण पावसाळ्यात मशीन रूमचा स्लॅब गळतोच.

---

खाडीकाठचा

अंतिम वृत्तांत. डबा ३०० × २५० × १२० मिमीचा, पावडर कोटिंग केलेला, रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. मालकांनी आधी जुना पीएलएचा डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि "हे काय, जिलबी?" असे विचारले. सप्लाय पत्र्याला थेट बोल्टने बसवला आहे, त्यामुळे त्याची बरीच उष्णता पत्र्यातूनच बाहेर जाते. ऋण बाजू दोन टर्मिनलांत विभागून लग दाबले. अर्थ तिन्ही ठिकाणी जोडला, आणि हो काका, आधी नव्हता. छापलेली एकच वस्तू आत आहे, ती म्हणजे वायरी बांधून ठेवणारी एएसएची पट्टी, तीही टर्मिनलांपासून दूर.

काल रात्री साडेआठला खोली ३७, डब्यातील हवा ४८, प्रवाह ५.१ अँपिअर. ऋण टर्मिनलांवर ४ आणि ५ मिलिव्होल्ट.

---

जुना फिटर

महिन्याभराने पुन्हा मोजा. रात्रीच.